पेंढ्याच्या देवाच्या गावी चार दिवस

इंग्लंडमधल्या, समुद्रासाठी नावाजलेल्या डेव्हनला चार दिवस राहून मी समुद्र पाहिला नाही. ऑफिसात हे सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. मी पाहिलं ते एक चर्च, एक शेत, बारा फुटी पेंढ्याचा देव आणि पाऊस. तिकडे सुट्टीला जायचा विचार असेल, तर या लेखाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

मुळात मला कुठेच जायचं नव्हतं. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. नागपूर सोडून सहा वर्षं झाली. त्या जूनमध्ये आमचं मोठं रिलीज एकदाचं गेलं, मॅनेजरने आठवडाभर सुट्टी घे म्हटलं आणि मी ठरवलं की पडदे ओढून झोपायचं. मार्चमध्ये बाबा गेले होते. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीसाठी दिलेला होता, त्यामुळे मला जाता आलं नाही. तेराव्याला दिनकरकाकांनी माझ्याच फ्लॅटमध्ये विधी केला. त्याच दिवशी आमच्या ऑफिसची सिस्टिम बंद पडली होती. पळीपंचपात्राशेजारी लॅपटॉप उघडा होता आणि काका मंत्र म्हणता म्हणता तीनदा थांबले, माझा कॉल संपेपर्यंत. नंतर मी एकदाही रडले नाही. दमले मात्र रोज.

दिनकरकाका म्हणजे आमच्या स्लाऊचे भटजी. वय एकाहत्तर. तरुणपणी इथे आले, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रावर उभे राहिले. वडिलांकडून लहानपणी शिकलेली संथा होती, आणि तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शनिवार-रविवार लग्नं, मुंजी, सत्यनारायण त्यांच्याकडे आले ते कायमचेच. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मेधा, तुझी गाडी चालू स्थितीत आहे ना? मला सिनेमात घेतलंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

टोबी नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाने मित्राच्या लग्नात काकांना मंत्र म्हणताना ऐकलं होतं. तो आवाज त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच्या भुताखेताच्या सिनेमात एक म्हातारा पुजारी होता, त्यासाठी त्याला काकाच हवे होते. चार दिवस, डेव्हनमधलं एक खेडं.

"पण काका, तुम्ही? सिनेमात?"

"अगं, यंदा गणपती झाले की मी हे सगळं बंद करणार आहे. कंटाळा आला. त्याआधी एकदा जरा मजा करू दे की."

ज्या माणसाने माझ्या लॅपटॉपची वाट पाहिली होती त्याला नाही म्हणायला मला जमलं नाही.

सोमवार: रस्ता आणि सिनेमाची गोष्ट

मोटरवे सगळीकडे सारखाच असतो, त्याबद्दल काही लिहीत नाही. मोटरवे सुटल्यावर मात्र आमची परीक्षा सुरू झाली. डेव्हनमधले आतले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचं कुंपण आणि मध्ये एका गाडीपुरती वाट. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने टोपीला हात लावून नमस्कार केला आणि इंजिन बंद करून बसला. याचा अर्थ मीच मागे जायचं. मी जवळजवळ अर्धा मैल रिव्हर्समध्ये गेले. काका खिडकीतून मान बाहेर काढून "येऊ दे, येऊ दे, झाडाला सांभाळ" करत होते. पोचेस्तोवर माझी मान आखडली होती आणि डाव्या आरशाची काच कुंपणात राहिली होती.

वाटेत काकांनी मला सिनेमाची गोष्ट सांगितली. एका गावातल्या चर्चमध्ये कोणी येत नाही. तिथला पाद्री हताश होऊन शेतातल्या जुन्या देवाशी करार करतो. तू चर्च भरून दे, मी दर हंगामाला तुला एक पापी माणूस देतो. मग पापी कोण, हे ठरवायला गावाची समिती बसते, चहा-बिस्किटं खात खात, हात वर करून मतं घेत. शेवटी तपासणीला आलेल्या बिशपलाच त्या देवासकट जाळतात.

"आणि तुम्ही कोण?"

"मी त्या देवाची भाषा जाणणारा. पूर्वेकडून आलेला. डोक्याला शिंगं आहेत म्हणे."

मला राग आला. शिंगंवाला म्हातारा म्हटल्यावर ह्यांना आपलाच माणूस बरा आठवतो, असं मी बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "अगं, पाद्रीही त्यांचाच आहे की. त्याला तर ते माझ्यापेक्षा जास्त हसतायत."

गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या हिलरीबाईंनी तशी विनंती केली आहे. हिलरी म्हणजे त्या चर्चच्या खऱ्या पाद्री. साठीच्या, बुटक्या, पायात कायम गमबूट. गावातला एकुलता एक पब सिनेमावाल्यांनी भरून गेला होता, म्हणून आमची सोय त्यांच्या घरी होती. मी विचारलं, असा सिनेमा तुमच्याच चर्चच्या आवारात कसा काय होऊ दिलात?

"मी गोष्ट वाचली," त्या म्हणाल्या. "समितीची मीटिंग अगदी खरी लिहिली आहे. दर रविवारी माझ्याकडे सहा माणसं येतात. पाऊस असला तर चार. कोणी येऊन आवारात गर्दी करणार असेल, तर मी कशाला नको म्हणू?"

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचं सूप होतं. काकांनी डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. हिलरीबाईंनी चटणी चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा घेतली.

मंगळवार: शेतात

सकाळी सहाला मेकअप. काकांना पेंढ्याचा अंगरखा घातला आणि डोक्यावर हरणाची शिंगं बांधली. शिंगं खरी होती, त्यामुळे जड. पाच मिनिटांत त्यांची पाठ खाजायला लागली आणि दिवसभर मी एक लाकडी चमचा घेऊन त्यांच्यामागे फिरत होते. मग माणसं कमी पडतायत म्हणून टोबीने मलाही गावकऱ्यांत घेतलं. डोक्याला आयव्हीच्या वेलीचं कडं, गालावर चिखल. असे आम्ही तीसेक जण होतो.

चर्चच्या भिंतीला लागूनच्या शेतात देव उभा होता. बारा फूट उंच, पेंढ्याचा, डोळ्यांच्या जागी दोन सलगम. भीती वाटायला हवी होती. मला तो आमच्या ऑफिसातल्या एका डायरेक्टरसारखा दिसला.

सिनेमातल्या पाद्र्याचं काम डेस्मंड नावाचे सत्तरीचे नट करत होते. उभा जन्म रंगभूमीवर गेलेला, उच्चार असे की पाणी मागितलं तरी शाप दिल्यासारखं वाटे. शॉट संपला की ते खुर्चीत बसून पाय चोळत. "माझा हा सातवा पाद्री," ते मला म्हणाले. "चांगला पाद्री मला कोणी देत नाही."

मग काकांची पाळी आली. टोबीने त्यांना समजावून सांगितलं की डायलॉग वगैरे काही नाही, फक्त लग्नात म्हटलं होतं ते म्हणा. तोच आवाज, देवाकडे बघून.

काका शिंगं सावरत उभे राहिले. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मेधा, हे मला जमायचं नाही. ते सप्तपदीचे मंत्र आहेत. तुझ्या काकूबरोबर मी ते ऐकले, नंतर दोनअडीचशे पोरापोरींसाठी म्हटले. ह्या पेंढ्यापुढे कसे म्हणू?"

"मग मी टोबीला सांगते. आपण घरी जाऊ." मला घरी जायचंच होतं.

"थांब. पोरगा आशेने बसलाय."

त्यांनी डोळे मिटले, हात वर केले आणि खर्जातून सुरुवात केली. स्वर वर गेला, खाली आला, जिथे लांबवायचा तिथे लांबला. कॅमेऱ्यामागची मुलगी दंडावरून हात फिरवायला लागली. मी मात्र ओठ दाताखाली धरून उभी होते, कारण मला शब्द कळत होते. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे..."

"कट!" टोबीच्या डोळ्यांत पाणी होतं. "दिनकर, किती जुनं असेल हे?"

"फार जुनं," काका म्हणाले. "माझ्या वडिलांनी छडी मारून शिकवलं."

बुधवार: पाऊस

देवाला आग लावायचा दिवस. रात्रभर पाऊस पडला होता आणि सकाळीही थांबला नाही. दुपारी जरा उघडल्यावर आग लावणारे दोघे तज्ज्ञ शिडीवर चढले. देवाने धूर काढला, खोकला आल्यासारखा आवाज केला आणि विझला. तीनदा तसंच. टोबी चिखलात बसून राहिला. उद्या सकाळी पुन्हा बघू, असं ठरलं.

हिलरीबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. स्कोन नावाचे छोटे गोड पाव, वर जॅम, आणि एका वाडग्यात घट्ट पिवळसर क्रीम. काकांनी चमचाभर चाखलं आणि खुर्चीत सरळ बसले. "मेधा, अगं ही तर साय! रात्रभर दूध मंद आचेवर ठेवून काढलेली साय!" चाळीस वर्षं ह्या देशात राहून त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. आधी जॅम की आधी क्रीम यावरून शेजारच्या परगण्याशी इथल्या लोकांचं भांडण आहे म्हणे. डेव्हनचा माणूस आधी क्रीम लावतो. काकांनी जॅम लावलाच नाही.

बाहेर पाऊस, आत ओल्या लोकरीचा वास. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत अर्धवट झोपेत होते आणि ते दोघं बोलत होते.

"तुमच्याकडे लोक येतात तरी," हिलरीबाई म्हणाल्या.

"येतात. आणि विचारतात, गुरुजी, चाळीस मिनिटांत होईल का, हॉल पाचपर्यंतच आहे. नवरामुलगा मध्येच फोन बघतो. मी इंग्रजीत अर्थ सांगतो, तर फोटोवाला म्हणतो, जरा बाजूला व्हा."

"मी सहा वर्षांपासून निवृत्त होतेय," हिलरीबाई म्हणाल्या. "दर वर्षी म्हणते, नाताळ झाला की पुरे. मग कोणीतरी मरतं. त्याला सोडून कुठे जाऊ?"

काकांनी वाडग्याच्या कडेची साय चमच्याने खरवडली. मग म्हणाले, "कधी कधी वाटतं, मी म्हणतो ते कोणालाच ऐकू जात नाही. वर नाही आणि खालीही नाही."

मी डोळे मिटून पडून राहिले. मार्चमधला तो लॅपटॉप मला दिसत होता.

गुरुवार: अकरा वाजता

सकाळ कोरडी उजाडली. तज्ज्ञांनी देवाच्या पोटात सुका पेंढा भरला. साडेदहाला आम्ही सगळे शिंगं, वेली, चिखल लावून चर्चच्या फाटकापाशी उभे राहिलो. मिरवणुकीचा शॉट होता. टोबी "ॲक्शन" म्हणणार, एवढ्यात वळणावरून एक लांब काळी गाडी आली.

मला वाटलं, ही सिनेमातलीच. पण गाडी करकचून थांबली. पुढे बसलेले काळ्या कोटातले गृहस्थ आमच्याकडे बघत राहिले. काचेतून शवपेटी दिसत होती. वर पांढऱ्या फुलांचा एकच गुच्छ.

चर्चमधून हिलरीबाई धावत आल्या. गुरुवारी अकराला अंत्यविधी आहे हे त्यांनी सिनेमावाल्यांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. ज्याने लिहून घेतलं तो काम सोडून गेला होता आणि वहीसुद्धा त्याच्याबरोबर गेली होती. हिलरीबाईंनी गृहीत धरलं होतं की अकराला आम्ही नसू. टोबी पांढराफटक पडला. "सॉरी, सॉरी, सॉरी," एवढंच त्याला बोलता येत होतं.

काळ्या कोटातले गृहस्थ, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणारे, गाडीतून उतरले आणि टोपी काढून सरळ डेस्मंडपाशी गेले, कारण पाद्र्याची पांढरी कॉलर त्यांच्याच गळ्यात अधिक उठून दिसत होती. "रेव्हरंड, आम्ही नंतर यायचं का?"

"मी नाही," डेस्मंड हळूच म्हणाले. "मी वाईट पाद्री आहे. खऱ्या त्या, गमबुटातल्या."

कोणी हसलं नाही.

काकांनी विचारलं, "कोण गेलंय?"

"ॲग्नेस," हिलरीबाई म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं इथे ऑर्गन वाजवत होती. लग्न केलं नाही. जवळचं कोणी उरलं नाही."

"मग कोण कोण येणार आहे?"

"मी. आणि गवत कापायला येतो तो जॉर्ज. तोही अजून आलेला नाही."

काका टोबीकडे वळले. ते त्याला एरवी "यू" म्हणत, तेव्हा "बाळ" म्हणाले, मराठीतच. "बाळ, कॅमेरा झाकून ठेव." आणि डोक्यावरची शिंगं सोडायला लागले. गाठ ओली होऊन आवळली होती, सुटेना. मीच पुढे होऊन सोडवली. शिंगं कुंपणाला टेकवून ठेवली आणि ते पेटीच्या मागे चालायला लागले, पेंढ्याच्या अंगरख्यातच. त्यांच्यामागे डेस्मंड. मग मी. मग एकेक करत सगळे. काहींनी वेली काढल्या, काही तसेच आले. टोबी सर्वांत शेवटी, आणि त्याने दार हळूच लोटून घेतलं.

चर्च भरलं. हिलरीबाई समोर उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाहिलं आणि क्षणभर त्यांना वाचायची ओळ सापडेना.

प्रार्थना झाल्यावर भजनाची वेळ आली. त्या ऑर्गनकडे बघून म्हणाल्या, "आज वाजवायला कोणी नाही. जी वाजवायची तिलाच आपण पोचवायला आलो आहोत." डेस्मंडनी आपल्या भरदार आवाजात सुरुवात करून दिली. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हटलं. दुसरं अर्ध्यांना येत होतं. तिसऱ्याला एकटे डेस्मंड उरले आणि तेही अडखळून थांबले. भिंतीवरून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज राहिला.

हिलरीबाईंनी काकांकडे पाहिलं. "दिनकर, तुम्ही काही म्हणाल का?"

काका उठून पेटीपाशी गेले. "तिचं पूर्ण नाव? वडिलांचं नाव?"

"ॲग्नेस मेरी. वडील विल्यम."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं असतं. सगळे त्याचेच." मग त्यांनी डोळे मिटले.

हे पाढे नव्हते. मार्चमध्ये माझ्या फ्लॅटमध्ये त्यांनी जे म्हटलं होतं ते हेच, हे मला पहिल्या दोन शब्दांत कळलं. तेव्हा मी ते तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, मध्ये मध्ये "यस, आय कॅन हिअर यू" म्हणत. आता कोणी मला बोलावत नव्हतं. काश्यप गोत्रातल्या, विल्यमच्या मुलीचं नाव त्या संस्कृतात आलं आणि पुढे गेलं. आवाज परवापेक्षा लहान होता, समोरच्या एका माणसाशी बोलावं इतकाच. शेवटाकडे तो थकला, एके ठिकाणी चिरकलाही. तरी त्यांनी काही गाळलं नाही.

माझ्या गालावरचा चिखल ओघळून हनुवटीवर आला. शेजारी बसलेल्या कॅमेऱ्यामागच्या मुलीने माझ्यापुढे आपली बाही केली. रुमाल तिच्याकडेही नव्हता.

पेटी बाहेर आवारातल्या खड्ड्यात उतरवल्यावर हिलरीबाईंनी मूठभर माती टाकली. मग काकांनी. मग डेस्मंडनी, मग टोबीने. अशी रांग लागली. जॉर्ज धापा टाकत फाटकाशी आला. पेंढा-वेली घातलेली माणसं खड्ड्याभोवती उभी पाहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "ॲग्नेसला हे आवडलं असतं. तिला चर्चच्या समितीचा फार राग होता."

दुपारी देव एकदाचा पेटला. मी पाहिला नाही, कारण मी गाडीत सामान भरत होते. निघताना टोबीने विचारलं, चर्चमध्ये म्हटलंत ते पुन्हा एकदा रेकॉर्ड करू का, फक्त आवाज? काकांनी मान हलवली. "ते तिचं होतं." टोबीने पुन्हा विचारलं नाही. हिलरीबाईंनी काकांना सायीचा डबा दिला, काकांनी त्यांना उरलेली चटणी. दोघांनी एकमेकांना "आता पुरे करा" असं बजावलं. मी ऐकलेलं सांगायचं तर काकांनी खरोखरच थांबायचं ठरवलंय. गणपतीनंतर लंडनमधल्या इल्फर्डचे एक तरुण गुरुजी स्लाऊचं काम बघणार आहेत.

परतताना

परतीच्या वाटेत काकांना झोप लागली. तोंड उघडं, मिशीला अजून पेंढ्याची एक काडी. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला, म्हणजे थांब्यावर, मी गाडी थांबवली, कॉफी आणली, पण त्यांना उठवलं नाही. नागपुरात रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मी कॉलिंग कार्डचा नंबर फिरवला आणि गाडीबाहेर उभी राहिले. लॉऱ्यांच्या आवाजात आई "हॅलो, हॅलो" करत होती.

"आई, मी बोलतेय. काही काम नाही."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, मला सांग ना, बाबांचा शेवटचा दिवस कसा गेला. सकाळपासून सांग. मी तुला कधी विचारलंच नाही."

मग पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सकाळी ना," ती म्हणाली, "आधी त्यांनी खिडकी उघडायला लावली."

मी बॉनेटला टेकले. कार्डावर बावन्न मिनिटं शिल्लक आहेत असं रेकॉर्डिंगमधली बाई आधीच सांगून गेली होती. ती सगळी संपेपर्यंत आई बोलत होती आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही.